नळीतला रंग आधी वाचा: प्रकाशसंश्लेषणातल्या प्रोटीनांचा एनएमआरने अभ्यास

प्लास्टोसायनिन निळं, फेरेडॉक्सिन तांबूस-तपकिरी, सायटोक्रोम एफ लालसर, आणि क्लोरोफिल बाळगणारी सगळी हिरवी. प्रकाशसंश्लेषणातली प्रोटीनं बहुतेक रंगीत असतात. कारण त्यांच्या पोटात एखादा धातू, हीम (लोह धरणारी चकती) किंवा रंगद्रव्य असतं आणि खरं काम तेच करतं. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजण्याचं तंत्र) करणाऱ्याला हा रंग फार उपयोगाचा आहे. नमुना कुठल्या ऑक्सिडेशन अवस्थेत आहे, म्हणजे त्यातल्या धातूने इलेक्ट्रॉन गमावलाय (ऑक्सिडाइज्ड) की घेतलाय (रिड्यूस्ड), हे यंत्रात नळी सोडण्याआधीच तो सांगतो. मी हे काम शिकलो तेव्हा पल्स सीक्वेन्स, प्रोसेसिंग, असाइनमेंट (कुठला पीक कुठल्या अणूचा हे ठरवणं) यांवर महिनोन्महिने घालवले. स्पेक्ट्रम बिघडायचे ते मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणाने, आणि ते कारण नळीत डोळ्यांसमोर दिसत असायचं. म्हणून या लेखात सगळ्या पायऱ्या येतील, पण त्या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे.

वाचणाऱ्याला प्रोटीन शुद्ध करण्याची थोडी सवय आहे आणि एनएमआरची तोंडओळख आहे, असं धरून चालतो.

कुठलं प्रोटीन, कुठलं तंत्र

द्रावणातल्या एनएमआरचं एक साधं गणित आहे. रेणू जितका मोठा, तितका तो पाण्यात हळू फिरतो. जितका हळू फिरतो, तितकं त्याचं सिग्नल लवकर विझतं आणि त्याचा पीक, म्हणजे स्पेक्ट्रममधला टोकदार उंचवटा, रुंद होतो. साधारण २५-३० किलोडाल्टनपर्यंत (हे रेणूच्या वजनाचं माप) नेहमीचे प्रयोग चालतात. त्यापुढे प्रोटीनमधले हायड्रोजन काढून ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घालावं लागतं आणि मोठ्या रेणूंचे पीक अरुंद ठेवणारी ट्रोझी पद्धत वापरावी लागते. ही पद्धत १९९७ साली पेर्वुशिन, वुथरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

आता प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीकडे बघा. प्रकाश पकडणाऱ्या फोटोसिस्टिम-२ चं दुहेरी संकुल ७०० किलोडाल्टनच्या घरात जातं, आणि सायनोबॅक्टेरियातलं (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंतलं) फोटोसिस्टिम-१ चं तिहेरी संकुल त्याहून मोठं. ही दोन्ही पटलात (मेंब्रेनमध्ये) रुतलेली. पण या अवजड संकुलांमध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे निरोपे छोटे आणि पाण्यात विरघळणारे आहेत. प्लास्टोसायनिन साडेदहा किलोडाल्टनचं, फेरेडॉक्सिन अकराच्या आसपासचं, सायटोक्रोम सी६ तेवढंच. सायटोक्रोम एफचा पटलाबाहेरचा भाग सुमारे २८ किलोडाल्टनचा, फेरेडॉक्सिन-एनएडीपी रिडक्टेज ३५ चं. फोटोसिस्टिम-२ ला बाहेरून चिकटलेलं पीएसबीक्यूसारखं प्रोटीनही या यादीत बसतं.

पहिल्यांदा हात घालत असाल तर प्लास्टोसायनिन घ्या. ते टिकाऊ आहे, ई. कोलायमध्ये तयार होतं, त्याचे पीक छान पसरतात, आणि त्याचा निळा रंग तुमचा पहारेकरी होतो. मोठ्या संकुलांसाठी घन अवस्थेतलं एनएमआर आहे. त्याबद्दल शेवटी.

लेबल: जीवाला काय खाऊ घालायचं

एनएमआरला दिसणारे कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ निसर्गात फार थोडे: कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के, नायट्रोजन-१५ जेमतेम ०.३७ टक्के. म्हणून प्रोटीन बनवणाऱ्या जीवालाच हे समस्थानिक खाऊ घालावे लागतात.

ई. कोलायची कृती सगळीकडे जवळपास सारखी. एम९ माध्यम, लिटरला १ ग्रॅम नायट्रोजन-१५ अमोनियम क्लोराइड, आणि कार्बनही लेबल करायचा असेल तर २ ग्रॅम कार्बन-१३ ग्लुकोज. प्लास्टोसायनिनसाठी तांब्याचा क्षार घालावा लागतो, फेरेडॉक्सिनसाठी लोहाचा. फेरेडॉक्सिनच्या पेशी अपकेंद्रित केल्यावर गोळा तपकिरी दिसला, तर लोह-गंधकाचा गुच्छ बसलाय असं समजा. तो नेहमीसारखा पांढुरका दिसला, तर शुद्धीकरणाला हात लावण्याआधी कारण शोधा.

पण आपल्या विषयाची गंमत अशी, की हे प्रोटीन मुळात ज्या जीवांत असतं त्यांना ग्लुकोज लागतच नाही. सायनोबॅक्टेरिया नायट्रेट आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढतात, आणि लेबल केलेलं नायट्रेट हा नायट्रोजन-१५ चा परवडणारा प्रकार आहे. ही वाट जुनी आहे. अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जोसेफ कॅट्झ आणि हेन्री क्रेस्पी यांनी जड पाण्यात शैवालं वाढवली, आणि १९६८ साली अशा ड्यूटेरियमयुक्त प्रोटीनांत फक्त ल्युसीनचे हायड्रोजन साधे ठेवून त्यांचे स्पेक्ट्रम प्रसिद्ध केले. निवडक लेबलिंगच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. म्हणजे आज सगळीकडे वापरलं जाणारं हे तंत्र रांगायला लागलं ते हिरव्या शैवालाच्या बाटलीत. मला ही गोष्ट फार आवडते.

सायनोबॅक्टेरिया वाढवताना बीजी-११ माध्यम वापरतात. त्यात लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, ते लेबल केलेलं घ्या. इथे तीन ठिकाणी साधा नायट्रोजन किंवा कार्बन चोरपावलांनी शिरतो.

बीजी-११ मध्ये लोह देण्यासाठी फेरिक अमोनियम सायट्रेट घालतात. त्यातलं अमोनियम साधं असतं आणि पेशी नायट्रेटच्या आधी ते खातात. प्रमाण थोडंच, तरी फेरिक सायट्रेट वापरून हे टाळता येतं. खर्च वाचवायला नायट्रेट कमी केलं असेल तर ही काळजी जास्त घ्या.

दुसरी वाट नॉस्टॉकसारख्या प्रजातींची. या हवेतला नायट्रोजन पकडू शकतात. नायट्रेट संपलं की त्या कुरकुर न करता हवेतल्या साध्या नायट्रोजनवर वाढत राहतात. कल्चर छान हिरवं दिसतं, आणि लेबल मात्र दिवसागणिक पातळ होत जातं. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांत मध्येमध्ये मोठ्या, जाड भिंतीच्या पेशी दिसू लागल्या, की नायट्रेट संपलं म्हणून समजा. सिनेकोसिस्टिस ६८०३ ला ही कला अवगत नाही, म्हणून नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी.

तिसरी वाट कार्बनची. हवा फुंकून कल्चर वाढवलं तर हवेतला साधा कार्बन डायऑक्साइड येणारच. कार्बन-१३ हवा असेल तर बंद बाटली आणि लेबल केलेलं बायकार्बोनेट किंवा वायू, याला पर्याय नाही.

रंग, म्हणजेच ऑक्सिडेशन अवस्था

हा या लेखाचा गाभा. एखाद्या धातूवर विजोड इलेक्ट्रॉन असेल तर त्याचं चुंबकत्व अणुकेंद्राच्या मानाने प्रचंड असतं. प्रोटॉनच्या तुलनेत इलेक्ट्रॉनचं चुंबकीय आघूर्ण सुमारे ६५८ पट. असा धातू शेजारच्या अणुकेंद्रांचं सिग्नल इतक्या झपाट्याने विझवतो, की ते पीक स्पेक्ट्रममध्ये दिसतच नाही.

प्लास्टोसायनिनमधलं तांबं दोन अवस्थांत असतं. ऑक्सिडाइज्ड, म्हणजे कॉपर-२, गडद निळं असतं, ५९७ नॅनोमीटरला जोरदार शोषतं आणि त्यावर विजोड इलेक्ट्रॉन असतो. त्याच्या भोवतीचे साधारण सात ते दहा अँगस्ट्रॉममधले प्रोटॉन नेहमीच्या प्रयोगांत गायब होतात. रिड्यूस्ड, म्हणजे कॉपर-१, रंगहीन असतं, विजोड इलेक्ट्रॉन नाही, आणि सगळे पीक शहाण्यासारखे दिसतात. अडचण अशी, की तांब्याजवळचाच भाग सायटोक्रोम एफला, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देणाऱ्या जोडीदाराला, जाऊन टेकतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, नेमकं तेच निळ्या नळीत दिसत नाही.

म्हणून इलेक्ट्रॉन देणारं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट घाला, एखादा मिलीमोलर. निळं द्रावण तुमच्या डोळ्यांदेखत फिकं होत जाऊन पाण्यासारखं होतं. मग बफरमधून आरगॉन सोडा आणि नळी हवाबंद करा.

इथे माझी एक फजिती सांगतो. दुहेरी लेबल केलेल्या नमुन्यावर तीन दिवसांचा एचएनसीएसीबी (असाइनमेंटचा एक प्रयोग) लावला होता. पहिल्या दिवशीचा एचएसक्यूसी (प्रत्येक एनएच गटाचा एक पीक दाखवणारा नकाशा) देखणा होता. तिसऱ्या दिवशी प्रयोग संपल्यावर पुन्हा एचएसक्यूसी घेतला, तर तांब्याला धरणाऱ्या हिस्टिडीन ३७, सिस्टीन ८४, हिस्टिडीन ८७ यांच्या आसपासचे पीक नाहीसे झालेले, बाकीचे जिथल्या तिथे. नळी बाहेर काढून उजेडाकडे धरली. द्रावणाच्या वरच्या कडेला, जिथे हवा लागते तिथे, निळसर कडं उमटलं होतं. खाली सगळं स्वच्छ. वरून खाली ऑक्सिजन झिरपत होता आणि अ‍ॅस्कॉर्बेट संपलं होतं.

एवढं लवकर ते का संपलं, हे कळायला आणखी आठवडा गेला. पेशी वाढवताना घातलेल्या तांब्यापैकी थोडं प्रोटीनच्या बाहेर, बफरमध्ये मोकळं राहिलं होतं. मोकळं तांबं हवेच्या सान्निध्यात अ‍ॅस्कॉर्बेट भराभर जाळतं. त्यानंतर मी प्रत्येक नमुना अ‍ॅस्कॉर्बेट घालण्याआधी जेल फिल्ट्रेशनच्या स्तंभातून काढतो आणि बफर पूर्ण बदलतो. तो त्रास पुन्हा झाला नाही.

डोळ्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. ५९७ नॅनोमीटरला प्लास्टोसायनिनचा शोषणांक ४५०० ते ४९०० च्या दरम्यान असतो, म्हणजे ०.२ मिलीमोलरचं पूर्ण निळं द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.९ च्या वर शोषण देतं. त्यातलं पाच टक्केच निळं झालं असेल तर शोषण ०.०५ च्या आसपास. अरुंद नळीत हे डोळ्याला जाणवणार नाही, पण स्पेक्ट्रोमीटरला दिसतं. आणि स्पेक्ट्रम बिघडायला पाच टक्केही पुरेसे असतात. कारण प्लास्टोसायनिनचे रेणू आपापसांत इलेक्ट्रॉन देत-घेत राहतात, आणि प्रत्येक रेणू थोडा थोडा वेळ निळा होऊन आपली रेषा रुंद करून घेतो. लांब प्रयोगाच्या आधी आणि नंतर शोषण मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा.

शुद्धता तपासायलाही हाच रंग. वनस्पतींच्या प्लास्टोसायनिनचं २७८ आणि ५९७ नॅनोमीटरच्या शोषणांचं गुणोत्तर पूर्ण ऑक्सिडाइज्ड अवस्थेत १.२ च्या आसपास आलं की नमुना चांगला. ते २ च्या वर असेल तर दुसरं प्रोटीन तरी मिसळलंय, नाहीतर अर्ध्या रेणूंत तांबं बसलेलं नाही. पीएच ६ च्या खाली नेऊ नका. रिड्यूस्ड वनस्पती-प्लास्टोसायनिनमध्ये पीएच ५ च्या आसपास हिस्टिडीन ८७ ला प्रोटॉन चिकटतो, ते तांब्यापासून सुटतं, आणि मग तुम्ही वेगळ्याच रेणूचा अभ्यास करत बसता.

फेरेडॉक्सिनची गोष्ट निराळी. त्यात दोन लोह आणि दोन गंधकांचा गुच्छ चार सिस्टीननी धरलेला असतो. ऑक्सिडाइज्ड अवस्थेतही तो गुच्छ खोलीच्या तापमानाला इतका चुंबकीय असतो की भोवतीचे पीक जातात. म्हणजे इथे अवस्था बदलून सुटका नाही. त्यावर संशोधकांनी काढलेली युक्ती सुरेख आहे: लोहाच्या जागी गॅलियम बसवायचं. गॅलियमवर विजोड इलेक्ट्रॉन नाही, घडी तीच राहते, आणि गुच्छाशेजारचे पीकही परत येतात. हे प्रोटीन इलेक्ट्रॉन वाहू शकत नाही, पण कोण कुठे टेकतं हे बघायला ते उत्तम.

सायटोक्रोम सी६ आणि सायटोक्रोम एफमध्ये हीम असतं. रिड्यूस्ड अवस्थेत ते गुलाबी, विजोड इलेक्ट्रॉन नसलेलं. ऑक्सिडाइज्ड झालं की विजोड इलेक्ट्रॉन येतो, पण तांब्यासारखं सगळं विझवून टाकत नाही, पीक जागचे हलवतो. हे पुढे फार कामाला येणार आहे.

नमुना आणि पहिला स्पेक्ट्रम

नेहमीच्या ५ मिलिमीटरच्या नळीत ५०० ते ६०० मायक्रोलिटर द्रावण लागतं, ३ मिलिमीटरच्या नळीत २०० च्या आत भागतं. संहती एचएसक्यूसीला ०.१-०.२ मिलीमोलर पुरे, असाइनमेंटला ०.५ ते १ असली तर बरं. १० ते २० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ६ ते ६.५. पीएच एका अंकाने वाढला की पाठकण्यातल्या एनएच गटाचा प्रोटॉन पाण्याशी दहापट वेगाने अदलाबदल करतो, म्हणून ८ च्या पुढे सैल भागांतले पीक मावळतात. मीठ शक्य तितकं कमी ठेवा, त्याचं कारण टायट्रेशनमध्ये (एका प्रोटीनमध्ये दुसरं थोडं थोडं घालण्याच्या प्रयोगात) येईल. लॉकसाठी, म्हणजे यंत्राचं क्षेत्र स्थिर धरायला, ५ ते १० टक्के जड पाणी.

संदर्भासाठी डीएसएस या रसायनाचं मिथाइल सिग्नल शून्यावर धरा, आणि कार्बन व नायट्रोजनचे शून्यबिंदू त्यावरून गुणोत्तराने काढा: कार्बनसाठी ०.२५१४४९५३०, नायट्रोजनसाठी ०.१०१३२९११८. पाण्याच्या पीकवरून संदर्भ लावण्याचा आळस करू नका. ते तापमानाबरोबर सरकतं.

६०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे १४.१ टेस्लाचं यंत्र या छोट्या प्रोटीनांना छान पुरतं. ट्यूनिंग, शिमिंग, ९० अंशांची पल्स मोजणं ही कामं कुठल्याही प्रोटीनसारखीच.

पहिला एचएसक्यूसी आला की पीक मोजा. प्रोलीन सोडून प्रत्येक अमिनो आम्लाचा एक पीक, वर अ‍ॅस्परजीन आणि ग्लुटामीनच्या बाजूच्या साखळ्यांच्या जोड्या, ज्या उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एकाच नायट्रोजन रेषेवर दोन-दोन दिसतात. पालकाच्या प्लास्टोसायनिनमध्ये ९९ अमिनो आम्लं आहेत, त्यातून प्रोलीन आणि सुरुवातीचं टोक वजा केलं की अपेक्षित आकडा हाती येतो. पीक कमी भरले तर आधी नळीचा रंग बघा, मग पीएच. अपेक्षेहून जास्त भरले, विशेषतः तांब्याजवळच्या पीकांच्या जोड्या दिसल्या, तर काही रेणूंत तांबं नाही किंवा त्या जागी जस्त बसलंय असा संशय घ्या. ई. कोलायमध्ये हे बऱ्याचदा होतं.

असाइनमेंट

यावर फार लिहीत नाही, कारण हे काम इतर प्रोटीनांसारखंच चालतं. एचएनसीएसीबी आणि सीबीसीए(सीओ)एनएच ही जोडी, सोबत एचएनसीओ. साखळीत खुंट्या ठोकायला ग्लायसीन (अल्फा कार्बन ४५ पीपीएमजवळ; पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमवरच्या जागेचं माप), अ‍ॅलनीन (बीटा १९ जवळ), सेरीन आणि थ्रिओनीन (बीटा अनुक्रमे ६४ आणि ७० जवळ) शोधा. आपल्या प्रोटीनांत एक जादा सोय आहे: हीम असलेल्या प्रोटीनांत हीमच्या चकतीवर विद्युत्-वलय वाहतं, त्यामुळे तिच्या तोंडासमोरचे गट शून्याच्याही पलीकडे, ऋण पीपीएमला फेकले जातात. हीमला धरणाऱ्या मेथिओनीनचं मिथाइल असं एकटं उणे तीनच्या आसपास उभं दिसलं, की घडी बरोबर आहे याची खात्री पटते. एकच एक-मितीय स्पेक्ट्रम, पाच मिनिटं. असाइनमेंट जुन्या नोंदींत आहे का, हे बीएमआरबी या सार्वजनिक संग्रहात आधी बघा, आठवडाभराचं काम वाचेल.

टायट्रेशन: कोण कुठे टेकतं

प्रकाशसंश्लेषणात ही प्रोटीनं एकमेकांना क्षणभर भेटतात, इलेक्ट्रॉन देतात आणि सुटतात. बंध घट्ट असता तर साखळी तुंबली असती. एवढ्या सैल भेटीचे स्फटिक मिळणं कठीण जातं, पण एनएमआरला ती स्पष्ट दिसते. या सगळ्या खटाटोपाचं फळ इथे मिळतं, म्हणून ही पायरी आकड्यांनिशी सांगतो.

नायट्रोजन-१५ लेबल केलेलं रिड्यूस्ड प्लास्टोसायनिन, ०.२ मिलीमोलर, ५०० मायक्रोलिटर. म्हणजे १०० नॅनोमोल. लेबल नसलेलं सायटोक्रोम एफ २ मिलीमोलर घट्ट करून ठेवा, तेही रिड्यूस्ड. दोन्ही प्रोटीनं एकाच भांड्यातल्या बफरमध्ये, एकाच वेळी डायलाइझ करा. वेगवेगळ्या दिवशी बनवलेले दोन 'सारखे' बफर नकोत. पीएच ०.१ ने वेगळा असला तरी हिस्टिडीन आणि आम्लधर्मी अमिनो आम्लांचे पीक सरकतात, आणि तुम्ही बंध समजून पीएच मोजत राहता.

मग २५ मायक्रोलिटर सायटोक्रोम घातलं की अर्धं प्रमाण, ५० ला समसमान, १०० ला दुप्पट. मधे दोन-तीन बिंदू आणखी घ्या. प्रत्येक वेळी एचएसक्यूसी, आणि शेवटी पीएच पुन्हा मोजा.

समसमान प्रमाणावर थांबू नका. समजा विघटन स्थिरांक (मोकळ्या जोडीदाराच्या ज्या संहतीला निम्मे रेणू बांधले जातात ती) १०० मायक्रोमोलर आहे. आकारमानातली वाढ तूर्त सोडून दिली तर समसमान प्रमाणाला निम्मंच प्लास्टोसायनिन बांधलेलं असतं, आणि दुप्पट सायटोक्रोम घालूनही ७२ टक्केच. पीक किती सरकला याचा वक्र वाकलेला दिसायला दुप्पट-तिप्पट जावं लागतं. शंभर मायक्रोलिटर ओतल्यावर नमुना सहा भागांपैकी पाच भाग एवढा पातळ होतो, हे गणितात धरा.

भेट सैल असल्याने पीक दोन होत नाहीत. एकच पीक मोकळ्या जागेकडून बांधलेल्या जागेकडे पावलापावलाने सरकतो. सगळे बिंदू एकावर एक ठेवले की पीकांची सरळ शेपटी दिसते. शेपटी वाकडी असेल तर दोनहून जास्त अवस्था आहेत, किंवा पीएच घसरतोय. सगळेच पीक जाड होत गेले तर घाबरू नका, बांधलेला रेणू ३८ किलोडाल्टनचा आहे आणि प्रत्येक प्लास्टोसायनिन काही काळ त्याच्या चालीने फिरतं. काही मोजकेच पीक जाड झाले तर मात्र ते बंधाच्या जागेचे.

सरकण्याचं एकत्रित माप असं काढतात: हायड्रोजनच्या बदलाचा वर्ग, त्यात नायट्रोजनचा बदल ०.१४ ने गुणून केलेला वर्ग मिळवायचा, आणि बेरजेचं वर्गमूळ. ही मापं प्रोटीनच्या पृष्ठभागावर रंगवा. वनस्पतींच्या प्लास्टोसायनिनमध्ये दोन भाग उजळतात: हिस्टिडीन ८७ भोवतीचा जलविरोधी भाग, आणि ४२ ते ४५ व ५९ ते ६१ या क्रमांकांचा ऋण प्रभाराचा पट्टा. समोर सायटोक्रोम एफवर लायसीनांचा धन पट्टा असतो. मीठ कमी ठेवायचं कारण हेच. तोच नमुना मीठ वाढवत नेऊन बघा, पीक मोकळ्या जागेकडे परत चालू लागतात. हा प्रयोग अर्ध्या दिवसाचा आहे आणि बंध प्रभारावर चालतो याचा पुरावा हातात देतो. सायनोबॅक्टेरियांत मात्र प्रभारांची वाटणी प्रजातीगणिक बदलते, काहींत ती उलटीही असते. वनस्पतींचा अनुभव तिथे जसाच्या तसा लावू नका.

पुढची पायरी म्हणजे दोघे कुठल्या कोनात टेकतात हे काढणं. इथे हीमचा विजोड इलेक्ट्रॉन मदतीला येतो. तोच प्रयोग एकदा रिड्यूस्ड आणि एकदा ऑक्सिडाइज्ड सायटोक्रोमबरोबर करा. दोन्हींतला फरक म्हणजे हीमच्या चुंबकत्वाने केलेलं सरकणं, ज्याला स्यूडोकॉन्टॅक्ट शिफ्ट म्हणतात. ती अंतराच्या घनाने कमी होते आणि दिशेवरही ठरते, म्हणून प्रत्येक पीक हीमपासूनचं आपलं ठिकाण सांगतो. पण रिड्यूस्ड प्लास्टोसायनिन आणि ऑक्सिडाइज्ड सायटोक्रोम एका नळीत ठेवले तर ते निसर्गाने नेमून दिलेलं काम उलट दिशेने सुरू करतात: इलेक्ट्रॉन प्लास्टोसायनिनकडून सायटोक्रोमकडे जातो आणि प्लास्टोसायनिन निळं पडतं. म्हणून तांब्याऐवजी कॅडमियम किंवा जस्त बसवलेलं प्लास्टोसायनिन घ्यायचं, जे इलेक्ट्रॉन देऊच शकत नाही. स्यूडोकॉन्टॅक्ट शिफ्ट वापरूनच उबिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्लास्टोसायनिन-सायटोक्रोम एफ संकुलाची रचना दिली. तीत हिस्टिडीन ८७ हीमच्या अगदी जवळ येतं. प्रोटीन डेटा बँकेत ती २पीसीएफ या क्रमांकाने आहे. पहिलं टायट्रेशन करण्याआधी ती उघडून सावकाश फिरवून बघा.

पटलात रुतलेली संकुलं

डिटर्जंटमध्ये विरघळवलेलं मोठं संकुल द्रावणात दिसणार नाही. तिथे नमुना छोट्या रोटरमध्ये भरून चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात. रेणू आपणहून फिरत नाही, म्हणून आपण त्याला फिरवायचं.

इथे सगळंच लेबल केलं तर पीकांची गर्दी होते. जांभळ्या जिवाणूंच्या एलएच२ या प्रकाश गोळा करणाऱ्या संकुलावर काम करताना जिवाणूंना एक आणि चार क्रमांकांच्या किंवा दोन आणि तीन क्रमांकांच्या कार्बनवर लेबल असलेलं सक्सिनेट खाऊ घातलं गेलं. मग ठरावीक जागांचेच कार्बन दिसतात आणि गर्दी निवळते. फक्त रंगद्रव्य बघायचं असेल तर लेबल केलेलं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल द्या. क्लोरोफिलची चकती त्याच्या आठ रेणूंपासून घडते, त्यामुळे लेबल बहुतांशी तिथेच जाऊन बसतं.

रोटर भरताना आणि सगळ्या तयारीत मंद हिरवा उजेड वापरा. क्लोरोफिल हिरवा प्रकाश कमी शोषतं. भर उजेडात ते ऑक्सिजनला उत्तेजित करतं आणि तो ऑक्सिजन तुमचंच प्रोटीन जाळतो. फिरण्याने नमुना तापतो, म्हणून तापमान शून्याखाली ठेवा.

आणि एक प्रयोग असा आहे जो फक्त प्रकाशसंश्लेषणाच्या अभिक्रिया-केंद्रांतच (जिथे प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडी मारतो त्या संकुलांतच) एवढ्या जोमाने चालतो. १९९४ साली झायस्मिलिच आणि मॅकडर्मॉट यांनी जांभळ्या जिवाणूच्या नायट्रोजन-१५ लेबल केलेल्या अभिक्रिया-केंद्रावर रोटर फिरत असतानाच प्रकाश टाकला, आणि काही पीक नेहमीपेक्षा कितीतरी पट मोठे आले. इलेक्ट्रॉन उडी मारतो तेव्हा क्षणभर दोन विजोड इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते, आणि तिचं चुंबकीय असंतुलन शेजारच्या अणुकेंद्रांत उतरतं. याला फोटो-सीआयडीएनपी म्हणतात. कार्बन-१३ मध्ये ही वाढ पुढे दहा हजार पटींच्या घरात गेलेली नोंदवली गेली. करायचं असेल तर डिथायोनाइट घालून क्विनोन, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे घेणारा रेणू, आधी रिड्यूस करा, म्हणजे इलेक्ट्रॉनला पुढे जायला वाट उरत नाही. पारदर्शक सॅफायर रोटर घ्या, नमुना अंधारात गोठवा, आणि एक स्पेक्ट्रम अंधारात, एक अखंड उजेडात घ्या. ४.७ टेस्लासारखं कमी क्षेत्र इथे चांगलं काम देतं, मोठ्या चुंबकाचा हट्ट धरू नका. उजेडातल्या स्पेक्ट्रममध्ये काही पीक उलटे, खाली डोकं करून आलेले असतील. फेज चुकली म्हणून ते सरळ करायला जाऊ नका. जे पीक असे उठून दिसतात ते इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या रंगद्रव्यांचेच असतात, बाकी सगळं प्रोटीन मागे शांत राहतं.

नोंद करताना

शिफ्टची, म्हणजे पीकांच्या जागांची, यादी बीएमआरबीमध्ये जमा करताना पीएच, तापमान, आयनिक तीव्रता यांबरोबर धातू कुठला आणि कुठल्या ऑक्सिडेशन अवस्थेत होता, तसंच प्रयोगाआधी आणि नंतर किती शोषण आलं, तेही लिहा. उरलेला प्लास्टोसायनिनचा नमुना गोठवण्याआधी फेरिसायनाइडने पूर्ण निळा करून, फेरिसायनाइड स्तंभातून काढून टाकून ठेवा. सहा महिन्यांनी नळी बाहेर काढाल तेव्हा किती तांबं टिकलंय, हे ५९७ नॅनोमीटरवर दोन मिनिटांत मोजता येईल.